बॅरल अपडेट: सोळाचं बारा करू नका, बाराचं सोळा करा

मंडळी, माझ्या .१७७ (४.५ मिमी) एअर रायफलचं नवीन बॅरल, म्हणजे नळी, कामातनं गेलं. वाकलं नाही की तुटलं नाही, बाहेरून फिनिश बघाल तर एकदम झकास, पण पुढच्या अर्ध्या भागात छर्रा रायफलिंगला (आतल्या पिळदार खाचांना) धरतच नाही, नुसता सरकत जातो. दिवाळीच्या आत सागवानी स्टॉकमध्ये बसवून फोटो टाकायचा बेत होता, तो आता लांबला.

जुन्या बॅरलच्या ब्रीचकडचे (छर्रा भरतो त्या मागच्या टोकाचे) गंजाचे खड्डे मागच्या पोस्टमध्ये दाखवलेच होते, ते परत उगाळत नाही. तेव्हा निम्म्या लोकांनी सांगितलं की सरळ लोथार वाल्थर या जर्मन कंपनीची नळी घे, १२ ग्रूव्ह (खाचा), ४५० मिमीत एक फेर, तोंडाशी चोक (किंचित आवळलेलं भोक), डोक्याला ताप नाही. कबूल, चांगलंच आहे ते. पण माझी रायफलच मुळात सेकंडहँड, नळी आणि वर शिपिंग, ड्युटी धरली तर रायफल स्वस्त आणि नळी महाग असला प्रकार होतो. .२२ ची मोठ्या बोअरची (भोकाची) नळी सुचवणाऱ्यांना तर परत एकदा हात जोडून सांगतो, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ च्या वर बोअर गेली किंवा ताकद २० ज्यूलच्या वर गेली की लायसन्स लागतंय. माझा ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ७८० फुटांनी जातो म्हणजे साधारण साडेपंधरा ज्यूल, आहे तिथं बरा आहे. स्टॉक शिकारी थाटाचा असला तरी मारायचं कागदावर आणि डब्यांवरच, शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि आम्ही खानापूरवाले तर भीमगड अभयारण्याच्या उंबऱ्यावरच राहतो. आजोबांची इशापूरची .३१५ रायफल घरात लायसन्सवर आहे, पण तिच्या नळीला हात लावायचा तर लायसन्सवाला गनस्मिथच पाहिजे, म्हणून आमची सगळी खाज एअर रायफलवर.

तर, आपल्याकडचंच एक बटन रायफलिंगचं (आतून बटन ओढून खाचा पाडलेलं) ब्लँक, म्हणजे कच्ची नळी, घेतलं, बाहेरून १६ मिमी. विकणाऱ्यानं फोनवर छातीठोक सांगितलं की स्ट्रेस रिलीव्ह केलंय (धातूतला ताण काढलाय), बिनधास्त लेथवर टर्न करा. माझ्या ब्रीच ब्लॉकात १६ बसतंय, पण पुढचा बँड आणि श्राउड (नळीवरचं बाहेरचं आवरण) १२ चा, म्हणजे पुढचा भाग खाली आणणं आलंच. गाडीला किक मारली आणि बेळगावची औद्योगिक वसाहत उद्यमबाग गाठलं, आमच्या टर्नर अण्णांकडं. जन्मभर पंपाचे शाफ्ट आणि हायड्रॉलिकचे स्पूल केलेला माणूस. त्यांनी जॉब लेथच्या फोर जॉ चकमध्ये धरला, बाहेरून डायल गेज लावली, काटा हलला पण नाही. मी खूष. मग त्यांनी भोकात नेमकी बसणारी पिन घातली आणि डायल पिनवर टेकवली, तर काटा नाचायलाच लागला. अण्णा म्हणाले, "बाहेरून सरळ आहे हो, भोक सेंटरला कुठं आहे? असंच कट मारलं तर तुमची गोळी बेळगावला न जाता धारवाडला जाईल."

मग त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पितळेचे दोन छोटे प्लग केले, बोअरमध्ये जेमतेम जाणारे, त्यांनाच सेंटर मारलं आणि अख्खी नळी त्या दोन सेंटरच्या मधे धरून फिरवली. म्हणजे बाहेरचा व्यास आता भोकाच्या हिशोबानं चालणार. कस्टम काम म्हणून मोठमोठे पैसे घेणारे सगळेच लोक हे करत नाहीत, आणि अण्णांनी चहाच्या गप्पांत केलं. मजुरी पण इतकी कमी सांगितली की मीच थोडे जास्त ठेवून आलो.

इथपर्यंत सगळं गोड होतं. टर्न करायच्या आधी मी रॉडनं छर्रा ढकलून बघितला होता, सुरुवातीला बोटाला जोर, मग शेवटपर्यंत एकसारखा दाब. टर्न झाल्यावर परत ढकलला. १६ च्या भागात तसाच दाब, आणि जिथून १२ सुरू होतंय बरोब्बर तिथं रॉड एकदम हलका झाला, शेवटची वीत तर छर्रा जवळजवळ आपोआप बाहेर. बाहेर आलेला छर्रा भिंगाखाली धरला तर मागच्या भागात पडलेल्या खुणा आहेत, पण पुढं त्यावर नवीन घासच नाही. तरी जीव राहवेना म्हणून बसवून मारलं, २५ मीटरवर चहाच्या बशीएवढा पसारा.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या नळीवर बघितलं की पटतंय. बटन आतून ओढतात तेव्हा पोलाद बाहेर दाबलं जातं आणि तो ताण धातूत तसाच बसून राहतो. नीट हीट ट्रीटमेंट झाली नसेल आणि वरचं पोलाद काढलं, की आवळून धरणारं काही राहत नाही, बोअर उघडते. आणि उघडली ती पण तोंडाकडं, जिथं खरं तर चोक पाहिजे. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो टर्नरनं गरम केलं असणार. अण्णा कूलंट सोडून बारीक कट मारत होते, मी शेजारी उभा होतो. नाव घेत नाही, पण स्ट्रेस रिलीव्हचा कागद दाखवल्याशिवाय कुणीही ब्लँक घेऊ नका.

आता पुढं. मी उलटं करायचं ठरवलंय. मुळातच १२ मिमीची बारीक नळी घ्यायची, तिला बाहेरून हातच लावायचा नाही, आणि ब्रीचकडं पोलादाची बाही चढवून तेवढाच भाग १६ करायचा. लॉकटाइट ६३८ नं पक्की बसेल. बारीक नळी हलणार, म्हणून श्राउडच्या आत मधेमधे ओ-रिंग. आणि ओ-रिंगसाठी बेळगावइतकं सोयीचं गाव नाही, उद्यमबागेत हायड्रॉलिकवाल्यांकडं पाहिजे त्या साइजची, पाहिजे त्या शोअरची (कडकपणाची) मिळते, मूठभर घेतली तरी खिशाला कळत नाही. ट्रान्सफर पोर्टचं (हवा नळीत येण्याचं) भोक मात्र बाही आणि नळी जोडल्यावर एकदमच मारायचं, आणि आतली बर (भोक मारल्यावर राहणारी धारदार कड) काढायची, नाहीतर प्रत्येक छर्रा तिथं सोलून निघतो.

तोंडाला पुढून नट लावून नळी ताणून धरायची असं पण डोक्यात होतं. अण्णा म्हणाले, आधी साधं बसवा, मग ताणा. बरं.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, त्या बाद नळीचा मागचा भाग अजून १६ चाच आहे की! दाब पण एकसारखा. तेवढाच कापला, अण्णांकडून क्राउन (नळीच्या तोंडाची सरळ, गुळगुळीत कड) मारून घेतला, गोल डोक्याचा पितळी स्क्रू आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टनं पॉलिश केला तर आखूड कार्बाइन होईल. चोक नाही, आखूड नळीत ताकद पण पडणार, पण १० मीटरच्या सरावाला काय कमी आहे? म्हणजे आता आधी हे करतो, बाराची नळी येईपर्यंत. १२ चा श्राउड बँड मात्र काढावा लागेल, १६ ला चालणारा कुणाकडं पडून असेल तर सांगा, आणि १२ मिमी .१७७ चोक्ड नळी भारतात कुणी नुकती घेतली असेल तर रॉडनं ढकलल्यावर कशी वाटली तेवढं लिहा, फिनिशचे फोटो नकोत.