एकविसाव्या गुणसूत्रावरची जादा प्रत

मंगळवार, रात्री

दुपारपासून फ्रान्समधली ती पाच कुटुंबं डोक्यातून जात नाहीत. पिढ्यान् पिढ्या चाळिशी-पन्नाशीतच माणसं विसरायला लागायची, काहींना तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा. आईवडिलांपैकी एकाला आजार असला की प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. अल्झायमरची ओळखीची जनुकं तपासली तरी बिघाड सापडेना. शेवटी २००६ मध्ये तिथल्याच रुआँ शहरातल्या संशोधकांनी दाखवलं की एपीपी या जनुकात चूक नव्हतीच, एकविसाव्या गुणसूत्रावर ते दोनदा आलं होतं. म्हणजे जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावरची एक धरून एकूण दोनाऐवजी तीन प्रती.

अक्षर न् अक्षर बरोबर, आणि तरीही आजार! नुसतं जनुक वाचलं तर अहवाल नॉर्मलच येणार. प्रती मुद्दाम मोजाव्या लागतात. जादा प्रतीमुळे प्रथिन जास्त बनतं, त्यातून बीटा-अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा प्रथिनाचा तुकडा, जास्त तयार होतं आणि ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचतं. रक्तस्राव होतो तो त्यामुळे.

मला हे इतकं लागतं, कारण आमच्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याच्याकडे तर अख्खं एकविसावं गुणसूत्रच तीनदा आहे, म्हणजे एपीपीही तीनदा. रात्री जेवणं झाली की भांडी तोच पुसतो. चमचे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावतो, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. काल दोन बारके चमचे डावांमध्ये पडले होते. मी काही बोलले नाही. दमला असेल. थायरॉइड बिघडलं तरी असं होतं, आधी ते तपासून घ्यायला हवं. ऐकू नीट येतंय का, झोप नीट लागते का, तेही.

डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अमायलॉइडचे थर दिसतात. स्मृतिभ्रंशाची लक्षणं बहुधा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येतात. हृदयाचं आणि थायरॉइडचं आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं, हे मात्र कुणीच नाही. सांगायला हवं होतं.

१९९८ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या ७८ वर्षांच्या एका बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्यात एकविसाव्या गुणसूत्राचा फक्त काही भाग तीनदा होता, एपीपी त्यात नव्हतं. त्यांना अल्झायमर झाला नाही. हे मी तीनदा वाचलं.

चाळिशीपासून दरवर्षी स्मरणशक्तीची तपासणी करावी असं सुचवतात. त्याला आज काय काय जमतं ते वहीत लिहून ठेवणार आहे, पुढे ताडून बघायला. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी ताई येईल, आधी तिच्याशी बोलते.