अण्णांचं दुकान आणि आमचं घड्याळ

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं आपण काय लिहिणार, सरांबद्दल आणि बाईंबद्दल सगळेच लिहिणार, ग्राउंडवरच्या चिंचेबद्दल तर नक्की कोणीतरी लिहिणार, म्हणून मी आपली शाळेच्या गेटसमोरच्या दुकानाबद्दल लिहितेय. ते शाळेत धरायचं की नाही हे संपादक मंडळाने ठरवावं, पण आमचा मधल्या सुट्टीचा निम्मा वेळ तिथेच गेलाय.

दुकान म्हणजे काय, एक फळी, आत एक माणूस बसेल एवढी जागा आणि वरपर्यंत माल. दुरेघी वही, चौकडी वही, शाईची बाटली, डिंक, घोटीव कागद, पताका, राखी पौर्णिमेला राख्या, संक्रांतीला हलव्याच्या पुड्या लावलेली छोटी कार्डं. अण्णा घरी कन्नड बोलायचे आणि आमच्याशी मराठी, तेही अगदी निपाणीचं, फक्त कार्ड कधी 'ती कार्ड' व्हायचं कधी 'तो कार्ड'. ग्रीटिंगचा डबा ते खाली ठेवायचे आणि कोणी मागितला की आधी म्हणायचे, "हात दाखवा बघू." शाईचे हात असले की डबा नाही. पुसून या म्हणायचे आणि आम्ही खरंच स्कर्टला पुसून यायचो.

माझी आई बिड्या वळायची. निपाणीत हे सांगायला लागत नाही पण स्मरणिका बाहेरगावची माणसंही वाचणार म्हणून सांगते, हजारी, म्हणजे हजार बिड्या, वळली की पैसे, त्यातनं छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढं वजा, आणि आठवड्याला जे हातात यायचं त्यातनं माझ्या कार्डासाठी दोन रुपये काढून द्यायचे म्हणजे तिला आधी शंभर प्रश्न विचारायचे असायचे. कशाला पाहिजे, कोणाला देणार, वहीच्या कागदाचं करून दे की. मग मी संध्याकाळी तिच्याजवळ बसून पानं कातरायची, दोन-तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी ती काही न बोलता दोन रुपये पुढं टाकायची. त्यामुळे कार्ड घेताना मी दहा मिनिटं लावायची आणि मागच्या पोरी ओरडायच्या. बाकीच्यांना गुलाबाचं पाहिजे असायचं, मला आत रिकामी जागा जास्त असलेलं, कारण लिहायला मिळायचं. आता वाटतं पैसे वसूल करायची सवय तेव्हापासूनची.

रिबिन मिळायची पण ती वेगळी पन्नास पैसे. मी बिडीला बांधायचा रंगीत दोरा आणायची, चार पदर पिळून घातले की चांगला दिसायचा. भेट म्हणजे पेन किंवा रुमाल, फार तर छोटी फोटोफ्रेम, घोटीव कागदात गुंडाळायची आणि वर हा दोरा. पाचवीपासून दहावीपर्यंत मी कुणाला काही दिलं असेल तर त्याला हाच दोरा होता, ज्यांना आठवत नसेल त्यांनी घरात शोधावं.

आठवीत शिक्षकदिनाला, ५ सप्टेंबरला, कन्नडच्या बाईंना कार्ड द्यायचं ठरलं. आमची शाळा मराठी माध्यमाची पण कन्नड विषय होताच, आणि बाई धारवाडकडच्या. कुणीतरी म्हणालं मराठी कार्ड कशाला, कन्नडच देऊ. अण्णांकडे कन्नड कार्डांची थप्पी डब्याच्या तळाशी असायची. आम्ही चित्र बघून एक काढलं तर अण्णा पैसे घेईनात. "वाचा आधी," म्हणाले, "बाईला देताय आणि वाचायला येत नाही, मग?" फळीसमोर उभं राहून तिघींनी मिळून 'हार्दिक शुभाशयगळु' वाचलं, एक अक्षर चुकलं तर परत पहिल्यापासून, तेवढ्यात घंटा झाली आणि उशीर झाला म्हणून आम्ही तासभर वर्गाबाहेर उभ्या. कार्ड मात्र माझ्या दप्तरात एक रात्र घरी राहिलं, आणि आमच्या घरात एक रात्र राहिलेल्या कागदाला काय होतं ते तुम्हाला माहिती आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी पाकीट उघडलं आणि सलग तीन शिंका दिल्या. तंबाखूचा ठसका! वर्ग हसला, बाई पण हसल्या. पुढे वर्षभर ते कार्ड त्यांच्या पुस्तकात खूण म्हणून होतं आणि पुस्तक उघडलं की पुढच्या बाकावर वास यायचा (असं पुढच्या बाकावरचे सांगतात, मी मागे बसायची).

दिवाळीला आणि नव्या वर्षाला गडहिंग्लजच्या मामाला कार्ड बुकपोस्टने जायचं, पाकीट चिकटवायचं नाही, नुसतं आत खोचायचं, म्हणजे तेव्हा तिकीट कमी लागायचं, हे पण अण्णांनीच शिकवलं. संक्रांतीच्या कार्डातला हलवा मात्र पोस्टाचा शिक्का बसला की पीठ व्हायचा. मामा लिहायचा, तिळगूळ मिळाला, चमच्याने खाल्ला.

दहावीला, म्हणजे आमच्याकडे कर्नाटकात एसएसएलसी, हे कोल्हापूरच्या भावंडांना दरवर्षी समजावून सांगावं लागायचं, निरोप समारंभाला शाळेला घड्याळ द्यायचं ठरलं. माणशी ५ रुपये वर्गणी, ४२ जण, २१० जमायला पाहिजे होते, जमले १८३. राहिलेल्यांची नावं मला अजून पाठ आहेत पण हा महोत्सव आहे, सोडून देते. अण्णांनी १८० ला घड्याळ दिलं, ३ रुपयाला सेल, आणि काचेवर अक्षरं स्वतःच रंगवून दिली, फुकट. 'सन १९९३-९४ च्या विध्यार्थ्यांकडून सप्रेम भेट.' अक्षरं मराठी पण वळण सगळं कन्नड, गोल गोल. समारंभात मराठीच्या सरांनी माईकवर वाचलं, थांबले, आणि म्हणाले, "घड्याळ बरोबर चालेल, शुद्धलेखन पाच मिनिटं मागे आहे."

मग मी अर्जुननगरला देवचंद कॉलेजला गेले, म्हणजे चालत चालत महाराष्ट्रात, आणि दुकान सुटलं.

महोत्सवाच्या मीटिंगला मागच्या महिन्यात शाळेत आले तर ऑफिसात तेच घड्याळ, सव्वाचारला बंद. 'सप्रेम भेट' पुसलंय, 'विध्यार्थ्यांकडून' ठणठणीत आहे. शिपाईमामा म्हणाले, "सेल घातला की चालतंय की, कोण आणणार." समोर गेले. आता तिथं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज, अण्णांचा मुलगा बसतो, फळी मात्र तीच. ग्रीटिंग ठेवत नाही म्हणाला, कोण घेतंय. सेल घेतला, पैसे द्यायला लागले तर त्याने हाताकडे बघितलं, मीपण बघितलं. पेनची शाई होती, मीटिंगची सही केलेली.

घड्याळ चालतंय. पाच मिनिटं पुढं लावून ठेवलंय.