रात्रीची ई-बाइक

आज निघायला उशीर झाल्याने पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरून वारज्यापर्यंतचा प्रवास रात्री ई-बाइकवर झाला, आणि दिवसा आपण जिचे कौतुक करतो ती या वाहनाची निःशब्दताच रात्री सर्वाधिक सांभाळावी लागते, हे प्रकर्षाने जाणवले. कर्वेनगरजवळ पदपथावरून उतरलेल्या आजोबांनी उजवीकडे पाहिलेच नाही. आवाज आला नाही म्हणजे रस्ता मोकळा, असा त्यांचा हिशेब होता आणि तो आयुष्यभराच्या सवयीचा होता. वेग बेताचा असल्यामुळे हॉर्नने त्यांना न दचकवता थांबता आले.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या ई-बाइकला नोंदणी वा परवाना लागत नाही. मात्र मागून येणाऱ्या डंपरच्या चालकाला आपण दिसलो पाहिजे, ही गरज त्यामुळे टळत नाही. पाठीवरची सॅक मागचा लाल दिवा बरेचदा झाकून टाकते, म्हणून मी सॅकवरच परावर्तक पट्टी शिवून घेतली आहे. पुढच्या दिव्याचा झोत किंचित खाली वळवला की खड्डे लवकर दिसतात आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. अप्पर लावूनच येणाऱ्या मोटारींचे काय करावे, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.