आधी तिचं बघ

जिथे आजार बरा होण्याची आशा संपलेली असते, पण वेदना कमी करण्याचे काम संपलेले नसते, अशा प्रशामक सेवेच्या कक्षात मी परिचारिका आहे. धर्मगुरूंनी नेमल्यामुळे दर रविवारी तिथल्या कॅथलिक रुग्णांना मी ख्रिस्तशरीरही (मिस्सा या उपासनेत ख्रिस्ताचे शरीर झालेली भाकर) नेऊन देते. पोप सहावे पॉल यांनी १९७३ साली प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांना, या सेवेची वाट मोकळी करून दिली. ख्रिस्तशरीराची डबी गळ्यात घालताना आजही माझे हात थरथरतात.

त्या रविवारी मिस्सा आटोपून मी थेट कक्षात आले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने खंगलेल्या एका आजी आठ दिवस माझी वाट पाहत होत्या. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचे बंधन वृद्धांना आणि आजाऱ्यांना नाही, हे सांगूनही त्यांनी सकाळपासून काही घेतले नव्हते. ऑक्सिजन सुरू असल्याने मेणबत्ती लावता येत नव्हती. मी मेजावर पांढरे कापड पसरून त्यावर डबी ठेवली आणि प्रार्थनेला सुरुवात करणार, तोच शेजारच्या खाटेवरून हाक आली. तिथल्या बाईंची पोटावरची मलविसर्जनाची पिशवी सुटली होती. त्यांना भेटायला कोणी येत नसे आणि त्यांच्या चिडखोर स्वभावामुळे आम्हीही कामापुरतेच त्यांच्याकडे जात असू. "पाच मिनिटांत येते," मी म्हणाले. ते मला रास्तच वाटले, कारण माझ्यापुढे साक्षात प्रभू होता.

आजींनी डोळे उघडले. "आधी तिचं बघ, बाळा. मी थांबते. प्रभूही थांबेल."

मी उठले. कोमट पाण्याने त्वचा पुसणे, ती कोरडी करणे, नवी पिशवी बसवणे, चादर बदलणे, हे सारे मी शेकडो वेळा केले आहे; पण बहुतेकदा नजर कामावर ठेवून, माणसाकडे न पाहता. त्या दिवशी मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. शरमेने त्यांचे डोळे भरले होते. "तुम्हाला किळस येत असेल," त्या पुटपुटल्या. मी मान हलवून त्यांचा हात हातात घेतला.

वेदीवर ख्रिस्ताच्या शरीराला रेशमी वस्त्रांनी मान देणाऱ्यांनी बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या उघड्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नये, असे चौथ्या शतकातील धर्मोपदेशक संत जॉन क्रिझोस्तोम यांनी बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानावरील प्रवचनात बजावले होते. इ.स. १५५च्या सुमारास ख्रिस्ती लेखक संत जस्टिन यांनी मिस्साचे वर्णन केले, तेव्हाही गैरहजर असलेल्यांकडे ख्रिस्तशरीर पोहोचवणाऱ्या सेवकांबरोबरच अनाथ, विधवा, आजारी आणि कैद्यांसाठी जमवलेल्या दानाचा उल्लेख केला. हे दोन्ही मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवले होते, आणि तरीही एका आजाऱ्याला पाच मिनिटे थांबायला सांगितले होते.

हात धुऊन मी परत आले. आजींना अखंड भाकर गिळता येत नसल्याने एक लहानसा कण चमच्यातल्या पाण्याबरोबर दिला. "ख्रिस्ताचे शरीर." त्यांचे "आमेन" जेमतेम ऐकू आले. तो कण गळ्याखाली उतरायला खूप वेळ लागला, आणि तोवर शेजारच्या बाई कुशीवर वळून आमच्याकडे शांतपणे पाहत होत्या.

पुढच्या रविवारी मी पांढरे कापड पसरण्याआधी बाईंची उशी नीट केली, पिशवी तपासली, पाणी पाजले. आजी डोळे मिटून, हात जोडून थांबल्या होत्या.