लिओनला मी बसनं गेले

स्पेनमधल्या कामिनोवर, म्हणजे सान्तियागोला संत याकोबाच्या थडग्याकडे जाणाऱ्या पायी यात्रेत, बुर्गोसचं कॅथेड्रल पाहिलं, भव्य आहे. त्यानंतरचा आठवडा सगळा एकात एक मिसळलाय. गहू, पांढरी वाट, पिवळे बाण, परत गहू. घरच्या वारीत पाय दुखला तरी कानाशी टाळ असतो, पुढचा माणूस ओढून नेतो. कामिनोवर ज्यानं त्यानं आपापलं चालायचं. भेटला की 'बुएन कामिनो', वाट सुखाची होवो, आणि पुढे. पहाटे पाचला अल्बेर्गेत, यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, कुणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सॅक भरत बसतं. त्या आवाजानं माझ्या तोंडून जे निघायचं, ते कुठल्याच देवाला ऐकवण्यासारखं नव्हतं.

आत्या तिकडे दिंडीत. निघताना एवढंच म्हणाली होती, "आषाढात एवढ्या लांब जायचं, तिथं काय इठोबा आहे का?"

एल बुर्गो रानेरो ते रेलिएगोस 13 किलोमीटर, मध्ये एकही गाव नाही. वाटेच्या कडेला ओळीनं झाडं लावलीत, पण दोन सावल्यांच्या मध्ये ऊनच जास्त. उजव्या टाचेचा फोड सकाळी फुटला होता. दुपारी डाव्या करंगळीखाली नवा आला. शेवटच्या तासात नामस्मरण वगैरे काही नव्हतं, मी पावलं मोजत होते आणि शंभरला येऊन चुकत होते.

गावात शिरताच एका दारात म्हातारी शेंगा सोलत बसली होती. माझ्या बुटांकडे पाहून म्हणाली, "सिएंताते." बस. मी बसले. तिनं आतून लाल प्लास्टिकचं टब आणलं, धुण्याचंच असावं, तळाशी कपड्यांचा एक चिमटा राहिला होता. कोमट पाणी, मूठभर मीठ, वर व्हिनेगर. मोजा सोडवायला ती खाली वाकली आणि मी पाय मागे ओढला. आईपेक्षा मोठी बाई माझ्या पायाला हात लावणार? वारीत पाय चेपून देणारे भेटतात, पण तिथं 'माउली' म्हणून दोघांची सुटका होते. इथे माझ्याकडे तो शब्द नव्हता. ती काहीतरी रागानं बोलली, बहुतेक मूर्ख म्हणाली असेल, आणि मोजा खेचलाच.

व्हिनेगर झोंबलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ती तोवर आत गेली होती. टीव्हीवर कुठलातरी बक्षिसांचा कार्यक्रम मोठ्यानं चालला होता. अर्धा तास मी एकटीच त्या टबात पाय सोडून बसले. मग ती आली, पाणी रस्त्यावर ओतलं, चिमटा उचलून पदराला लावावा तसा एप्रनला लावला. पैसे पुढे केले तर जिभेनं टक् केलं. मी उठल्यावर दोन्ही हात स्वतःच्याच छातीवर कवटाळून दाखवले: सान्तियागोला पोचलीस की संताच्या मूर्तीला माझी पण मिठी मार. आमच्या गल्लीतल्या बायका वेशीवर येऊन सांगतात, इठ्ठलाला दंडवत सांग गं, तसंच.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मान्सिया गावाहून लिओन शहरापर्यंतचे 18 किलोमीटर मी बसनं गेले. सगळे जातात, गोदामांचा कंटाळवाणा रस्ता आहे, वगैरे. तरी नेम मोडला तो मोडलाच. खिडकीतून चालणारे दिसले की मी मान खाली घालत होते.

लिओनमधल्या सान इसिदोरोच्या बासिलिकेला, मोठ्या चर्चला, एक 'क्षमेचं दार' आहे. आजारी पडलेल्या, पुढे चालू न शकणाऱ्या यात्रेकरूला इथेच सान्तियागोचं पुण्य मिळायचं. दार बंद होतं. वर दगडात ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवतायत आणि एक माणूस पकडीनं हाताचा खिळा उपटतोय. मी टाच हवेत धरून बराच वेळ तो खिळा बघत उभी राहिले.

सेव्हिलहून संत इसिदोरच्या अस्थी 1063 साली इथे आणल्या. पश्चिम टोकाला लिओनच्या राजघराण्याची दफनाची जागा आहे. ठेंगणं, खांबांचं चॅपेल. थडगी नेपोलियनच्या सैन्यानं फोडली. व्हॅटिकनमधल्या चित्रांच्या छतासाठी प्रसिद्ध चॅपेलवरून याला 'रोमनेस्कचं', म्हणजे त्या जुन्या मध्ययुगीन शैलीचं, 'सिस्टीन चॅपेल' असं सगळे म्हणतात. कशाला? छत इतकं खाली आहे की चित्रं थेट डोळ्यांवर येतात. साधारण नऊशे वर्षांचा तांबडा, गेरू, करडा. फोटो काढायला बंदी, आणि गाइड घाई करत होती.

एका कमानीवर बारा महिने. फेब्रुवारीत म्हातारा शेकत बसलाय, ऑगस्टमध्ये मळणी, नोव्हेंबरात डुक्कर कापतायत. जूनमध्ये कापणी. आमच्याकडे जूनमध्ये पेरून वारीला निघतात.

छताच्या एका घुमटाकार भागात देवदूत मेंढपाळांना जन्माची वार्ता सांगतोय. एकजण शिंग फुंकतोय, बोकड टक्कर घेतायत. आणि एक मेंढपाळ हातातल्या भांड्यातून आपल्या भल्यामोठ्या कुत्र्याला पाजतोय. वर एवढं चाललंय आणि त्याला कुत्र्याचं पडलंय. मला अरणचा सावता माळी आठवला, मळा सोडून पंढरीला न गेलेला. गाइडनं दिवा दाखवून बाहेर चला म्हटलं. मी आणखी दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं ओरडून सांगितलं.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. तिच्या मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी पाण्याच्या टँकरवरून भांडत होतं. बसचं आधी सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. मग कुत्र्याचं सांगितलं.

"काय पाजत होता, दूध?"

"भांड्यात काय आहे ते दिसत नाही."

"दूधच असेल," आत्या म्हणाली. "आणि पायाला हळद लाव."