तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मॅकडेव्हिडमध्ये एवढं आहे तरी काय?

कॅनडात एडमंटनला राहतो म्हटलं की भारतातून दोन प्रश्न ठरलेले. पहिला थंडीचा. त्याला 'उणे 30' एवढं उत्तर पुरतं. दुसरा प्रश्न हिवाळ्यात आमच्याकडे येऊन गेलेले पाहुणे विचारतात, आणि परत गेल्यावर फोनवरही विचारत राहतात. "इथं जो तो त्या मॅकडेव्हिडचं नाव घेतो, त्याच्यात एवढं आहे तरी काय? आम्हाला तर पकसुद्धा दिसला नाही." कोल्हापूरच्या मामांनी विचारलं, पुण्याच्या वहिनींनी विचारलं, ऑफिसात नव्याने आलेल्या नागपूरच्या पोरानेही विचारलं. हा कॉनर मॅकडेव्हिड म्हणजे आमच्या एडमंटन ऑयलर्स या आइस हॉकी संघाचा कप्तान. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पक दिसत नाही ही तक्रार रास्त आहे. एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची ती रबराची चकती. बर्फावर उड्या मारू नये म्हणून सामन्याआधी गोठवलेली असते. टीव्हीवर ती मुंगीएवढी दिसते. पण ती शोधत बसायचं कारणच नाही. मॅकडेव्हिड बघायचा असेल तर आधी त्याच्या समोरचा माणूस बघायचा.

लोक म्हणतात, तो वेगवान आहे. आहेच. 2017 पासून सलग तीन वर्षं ऑल-स्टार सोहळ्यातली सगळ्यात वेगवान स्केटरची शर्यत त्याने जिंकली. पण एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, ताशी 35 किलोमीटरच्या वर जाणारे खेळाडू बरेच आहेत. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅथ्यू बार्झलने याच शर्यतीत त्याला हरवलं. तरी बार्झल बर्फावर उतरला म्हणून 18 हजार माणसं खुर्चीच्या कडेला सरकून बसत नाहीत. नुसत्या वेगाची गंमत दोन सामन्यांत संपते.

खरी गोष्ट पायांत आहे. स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं आणि खालून मधोमध किंचित खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे त्याला दोन धारा मिळतात, आतली आणि बाहेरची. सरळ जाताना खेळाडू आतल्या धारेने बर्फ मागे रेटतो. वळताना बाहेरचा पाय आतल्या पायावरून पलीकडे टाकतो, याला क्रॉसओव्हर म्हणतात. त्यात दोन्ही पायांचा रेटा लागतो आणि वळणावर वेग उतरायच्या ऐवजी चढतो. हे सगळ्यांना येतं. इथली सहा वर्षांची मुलंही शिकतात. मॅकडेव्हिड मात्र हे वळण नसतानाही करतो. स्वतःच्या गोलमागून निघाला की दोन क्रॉसओव्हर डावीकडे, दोन उजवीकडे, असा नागमोडी येतो आणि प्रत्येक वळणाला वेग वाढवून घेतो.

याचा त्रास होतो तो समोरच्या बचावपटूला. तो बिचारा उलटा, पाठीमागे स्केटिंग करत असतो. त्याला शिकवलेलं असतं की समोरच्याची छाती बघ, पक बघू नकोस. दोघांमधलं अंतर काठीभर राख. त्याला मध्ये येऊ देऊ नकोस, कडेच्या फळीकडे ढकल. शिवाय त्याच्याकडे एक जुनी खूण असते. बहुतेक खेळाडू काही करामत करायची असली की क्षणभर पाय थांबवतात, नुसते घसरतात आणि मग हात चालवतात. पाय थांबले की बचावपटू ओळखतो, आता हा काहीतरी करणार.

मॅकडेव्हिडचे पाय थांबतच नाहीत. हात चालू, पाय चालू, वेग चढता. खूण गेली. तो डावीकडून जाणार की उजवीकडून, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही, आणि उलट्या स्केटिंगमधून वळून सरळ पळायचं तर बचावपटूला आधीच एक बाजू निवडून कंबर वळवावी लागते. चुकीच्या बाजूला वळला की खेळ संपला, कारण परत वळेपर्यंत 97 नंबरचा शर्ट त्याला पाठमोरा दिसत असतो.

म्हणून बचावपटू काय करतो? मागे सरकतो. ब्लू लाइनवर, म्हणजे आपल्या भागाच्या सीमेवरच्या निळ्या रेषेवर, पाय रोवून उभं राहायला शिकलेला, दीडदोनशे सामने खेळलेला पक्का बचावपटू मॅकडेव्हिड येताना दिसला की मध्यरेषेपासूनच मागे मागे जायला लागतो. कबड्डीत नावाजलेला चढाईपटू आत आला की समोरचे सातही जण त्याने हात उचलायच्या आधीच अंतिम रेषेकडे सरकतात, अगदी तसं. मला या खेळात सगळ्यात जास्त मजा इथे येते. अजून काहीही झालेलं नसतं. कुणी फटका मारलेला नसतो. पण पाच माणसांची आकृती एका माणसाच्या धाकाने विस्कटायला लागलेली असते.

5 नोव्हेंबर 2021 चा न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धचा गोल यूट्यूबवर आहे, बघा. ऑयलर्सच्या घरच्या रिंकवरचा, रॉजर्स प्लेसमधलाच सामना. ऑयलर्स पिछाडीवर, शेवटची काही मिनिटं उरलेली. मॅकडेव्हिड पक घेऊन निघाला आणि एकामागून एक चार रेंजर्सच्या मधून जाऊन बरोबरीचा गोल करून आला. ऑयलर्सनी ओव्हरटाइममध्ये 6-5 असा सामना काढला. पहिल्यांदा बघताना तुमचं लक्ष त्याच्या हातांकडे जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा बघताना ते चौघं बघा. त्यांच्यातला कुणीही आळशी किंवा नवशिका नाही. प्रत्येकाने पुस्तकात लिहिलंय तेच केलं, फक्त अर्धा सेकंद उशिरा.

आपल्याकडच्या मैदानी हॉकीत याच्या जवळ जाणारं कुणी आठवायचं तर खडकीचा धनराज पिल्ले. धनराजही पूर्ण वेगात पळताना चेंडू सोडायचा नाही, आणि त्याच्या काठीवर चेंडू आला की स्टेडियमचा आवाज बदलायचा. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना माझं पुढचं म्हणणं पटकन कळेल.

कारण धाक निर्माण झाला की दुसराच खेळ सुरू होतो. दोघं-तिघं त्याच्याकडे ओढले गेले की बाकीचे मोकळे होतात, आणि मॅकडेव्हिडला ते मोकळे झालेले दिसतात. 2022-23 च्या मोसमात त्याने 82 सामन्यांत 64 गोल आणि 89 असिस्ट (म्हणजे गोल घडवणारे पास) मिळून 153 गुण मिळवले. 1995-96 मध्ये मारिओ लेम्यूने 161 केले होते, त्यानंतरचा हा सगळ्यात मोठा आकडा. त्याच मोसमात ऑयलर्सचा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना मिळणारा एक माणूस जास्तीचा खेळ, 32.4 टक्के वेळा गोलात संपला. लीगच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्यातले 32 गोल एकट्या लिऑन ड्रायसायटलचे. हा कोलोनचा जर्मन गडी गोलच्या कडेला, जवळजवळ अशक्य कोनात उभा राहतो आणि तिथून मारतो. त्याची जागा सगळ्यांना माहीत असते, पण मॅकडेव्हिड पक घेऊन समोर नाचत असताना ड्रायसायटलकडे बघायला कुणाला सवड असते?

इथे एक उलटं उदाहरण द्यायला हवं, नाहीतर म्हणाल मी गावच्या पोराचीच टिमकी वाजवतोय. वॉशिंग्टनचा अलेक्झांडर ओवेच्किन. 6 एप्रिल 2025 ला त्याने 895 वा गोल करून वेन ग्रेट्झकीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला आणि पोटावर बर्फावर लोळण घेतली. तो गोल कसा झाला? पॉवर प्लेमध्ये, बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळातून. वीस वर्षं तो तिथेच उभा राहून तसाच मारत आलाय. इथले लोक त्या वर्तुळाला त्याचं ऑफिस म्हणतात. गोलरक्षकाला माहीत, प्रशिक्षकाला माहीत, पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही माहीत. तरी पक जाळ्यात. ओवेच्किन बघताना काय होणार हे माहीत असतं आणि तरी कुणाला थांबवता येत नाही. मॅकडेव्हिड बघताना तो काय करील हे माहीत नसतं, बहुधा त्यालाही नसावं. दोन्ही थरार खरे आहेत. मला दुसरा आवडतो, कारण एकाच माणसाला बघायचं म्हणून वर्षानुवर्षं खुर्ची अडवायची तर निदान दरवेळी काहीतरी नवीन मिळावं.

एडमंटनच्या जुन्या माणसांना मात्र यातलं काही पटत नाही. बसस्टॉपवर, न्हाव्याकडे, कुठेही विषय काढा, साठीच्या वरचा माणूस म्हणणार, "तू ग्रेट्झकी बघितला नाहीस." नाही बघितला. त्याचा पुतळा रॉजर्स प्लेसबाहेर आहे, तो बघितला. 1984 ते 1988 मध्ये त्याने या गावाला चार स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, दिले आणि ऑगस्ट 1988 मध्ये त्याला लॉस एंजलिसला विकलं, ते दुःख इथे अजून ताजं आहे. तो ना फार वेगवान होता ना धिप्पाड; गोलच्या मागे उभा राहून सगळं मैदान वाचायचा. 1981-82 मध्ये त्याने 212 गुण केले. तेव्हा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठच्या आसपास गोल व्हायचे, आता सहाच्या आसपास होतात. गोलरक्षक मोठे झाले, शिकून आले, बचाव घट्ट झाला. अशा काळात 153 म्हणजे काय, हे मी न्हाव्याला सांगून बघितलं. तो कात्री चालवत हसला.

"मग त्याने जिंकलं काय?" हा पुढचा प्रश्न, आणि तो झोंबतो. कप नाही. 2024 च्या अंतिम फेरीत ऑयलर्स फ्लोरिडाविरुद्ध 0-3 असे मागे पडून 3-3 वर आले आणि सातवा सामना 2-1 ने हरले. त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, मॅकडेव्हिडचे 42 गुण होते, त्यातले 34 असिस्ट हा विक्रम. हरलेल्या संघातला असूनही सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याला मिळाला, पण तो घ्यायला तो बर्फावर आलाच नाही. 2025 मध्ये पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा हार, या वेळी सहा सामन्यांत.

पण फ्लोरिडाने त्याला अडवलं कसं, हे बघणं त्याचे गोल बघण्याइतकंच मजेचं होतं. अलेक्झांडर बार्कोव्ह हा त्यांचा कप्तान उंच, शांत आणि लांब काठीचा. त्यांनी मॅकडेव्हिडशी शर्यत लावली नाही. त्याला वेग घ्यायला जागाच द्यायची नाही, पक मिळालाच तर तो उभ्या उभ्या मिळावा, असा सगळा डाव. 2024 च्या सहाव्या आणि सातव्या सामन्यात त्याला एकही गुण मिळाला नाही. ज्याला बांधून ठेवायला अख्खा संघ आपला खेळ बदलतो, तो करंडकाशिवायही बघण्यासारखा असतो. कप मिळाला तर मी रस्त्यावर नाचेन, हा भाग वेगळा.

शिवाय तो नुसता पळत नाही. 20 फेब्रुवारी 2025 ला बोस्टनमध्ये चार देशांच्या स्पर्धेची फायनल होती, कॅनडा विरुद्ध अमेरिका. तेव्हा आयात कर आणि कॅनडाला अमेरिकेचं 'एक्कावन्नावं राज्य' करण्याची भाषा या गोष्टींनी दोन्ही देशांत तणातणी चालू होती. एरवी हॉकी न बघणारे आमचे मराठी मित्रही त्या रात्री टीव्हीसमोर होते. ओव्हरटाइममध्ये मिच मार्नरने पक दिला, आणि गोलसमोर मधोमध, अगदी मोकळा, मॅकडेव्हिड. फटका, गोल, 3-2. जगातला सगळ्यात वेगवान हॉकीपटू, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला गोल पळून केलेला नाही. अमेरिकेच्या बचावाने त्याला एकटं कसं सोडलं, यावर इथे अजून वाद होतात.

आम्ही घरी बऱ्याचदा पंजाबी समालोचन लावतो. 2008 पासून 'हॉकी नाइट इन कॅनडा' हा सामन्यांचा टीव्ही कार्यक्रम पंजाबीतही होतो, आणि अल्बर्टातल्याच ब्रुक्स गावच्या हरनारायण सिंग यांनी 2016 मध्ये पिट्सबर्गच्या निक बोनिनोच्या गोलवर "बोनिनो, बोनिनो" असा जो नाद लावला, तो साऱ्या उत्तर अमेरिकेत घुमला. खेळ कळायच्या आधी निदान उत्साह तरी कळतो, म्हणून पाहुण्यांना मी हेच लावून देतो.

आता तिकिटाचं. पुढच्या हिवाळ्यात येणार असाल तर काचेजवळची महागडी जागा मागू नका. तिथून धडका छान ऐकू येतात, पण 200 फुटांचं रिंक दिसत नाही. वरच्या मजल्यावर बसा. ऑयलर्स तीनपैकी दोन पिरियड एकाच टोकाकडे हल्ला चढवतात, त्यामुळे बहुतेक जण त्या टोकाच्या जागा मागतात. मी विरुद्ध टोक घेतो. तिथून तो स्वतःच्या गोलमागे पक घेऊन पहिला पाय टाकतो तो दिसतो, आणि पलीकडचे दोन बचावपटू कधी मागे सरकायला लागतात तेही.