डेथ व्हॅलीतील अरुंद रुळांच्या मागावर : माझा अनुभव

रायन ते डेथ व्हॅली जंक्शन हा सुमारे वीस मैलांचा अरुंदमापी लोहमार्ग 1914 साली सुरू झाला आणि 1931 साली बंद पडला. कॅलिफोर्नियाच्या पूर्व टोकाच्या वाळवंटातून त्याने जे वाहून नेले ते सोने नव्हते की चांदीही नव्हती. तो होता टाकणखाराचा कच्चा दगड, म्हणजे कोलमनाइट. सोनाराच्या मुशीत लागणाऱ्या आणि कॅरमच्या पाटावर शिंपडण्याच्या पावडरीशी नाते सांगणाऱ्या या पदार्थासाठी कोणी निर्जन डोंगरात रेल्वे बांधावी, या गोष्टीचे मला पहिल्यापासून कुतूहल होते. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आल्यावर या मार्गाचा उरलेला भराव पायी पाहायचा असे मी ठरवले. त्यासाठी काय काय करावे लागले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम घरी बसूनच करायचे होते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे जुने समोच्चरेषा नकाशे आता जालावर विनामूल्य मिळतात आणि उखडलेले लोहमार्ग त्यांत तुटक रेषेने दाखवलेले असतात. ही रेषा उपग्रहचित्रावर शोधताना सुरुवातीला जीपच्या वाटा आणि रेल्वेचा भराव यांत गल्लत होण्याचा संभव असतो. पण एकदा नजर बसली की दोन्ही सहज ओळखू येतात. जीपची वाट ओढ्यात उतरते, पुन्हा चढते, वाटेल तेथे काटकोनात वळते. रेल्वेला हे चालत नाही. तिचा चढ एकसारखा असतो, वळणे लांबलचक असतात, टेकडीची सोंड आडवी आली की ती कापलेली असते आणि घळ आली की तेथे भराव घातलेला असतो. तीन फुटी, म्हणजे 914 मिलिमीटरच्या मापाला रुंद मापापेक्षा तीव्र वळणे घेता येतात. त्यामुळे ही रेषा डोंगराच्या कडेकडेने पुष्कळ ठिकाणी वळत जाते आणि खोदकामाचा खर्च वाचवते. आपल्याकडच्या बार्शी लाइटचे माप 762 मिलिमीटर होते, तेव्हा हा मार्ग त्याहून थोडा रुंद म्हणायचा.

दुसरे काम जमीन कोणाची हे तपासण्याचे होते, आणि माझ्या मते हौशी लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच करतात. हा मार्ग एका मालकाच्या जमिनीवरून जात नाही. काही भाग संघराज्य सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे आहे, काही भाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि मधूनमधून खाजगी जागा लागतात. डेथ व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1994 साली मिळाला; त्याआधी ते राष्ट्रीय स्मारक होते आणि तेथे खाणकाम बराच काळ चालू होते. दांतेज व्ह्यू या डोंगरमाथ्यावरच्या प्रेक्षणीय जागेच्या रस्त्यालगतची बिली ही भूमिगत खाण तर 2005 पर्यंत चालू होती. रायन हे खाणकामगारांचे गाव 2013 साली खाण कंपनीने एका संवर्धन संस्थेला दान केले आणि आगाऊ परवानगीशिवाय तेथे प्रवेश नाही. या सगळ्याची नोंद मी नकाशावर रंगीत पेन्सिलींनी केली आणि चालण्यासाठी फक्त सार्वजनिक जमिनीवरचे तुकडे निवडले. उद्यानाच्या कार्यालयातील रेंजरबाईंनी तो नकाशा बारकाईने पाहिला, एका ठिकाणची हद्द दुरुस्त करून दिली आणि कोणते रस्ते बंद आहेत ते सांगितले. ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने येथील रस्ते वाहून गेले होते आणि उद्यान कित्येक आठवडे बंद होते. वाळवंटात पूर येतो हे ऐकायला विचित्र वाटते, पण उघड्या खडकावर पडलेले पाणी जिरत नाही, ते थेट घळींतून धावते.

ऋतूच्या बाबतीत निवडीला वावच नाही. डेथ व्हॅलीतल्याच फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती, आणि जगातील सर्वोच्च तापमान म्हणून ती आजही सांगितली जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच चालण्याचा काळ. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र बरोबर घेतले, दोघांना पुरून उरेल इतके पाणी गाडीत ठेवले आणि कोणत्या भागात जाणार व किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे हे घरी लिहून ठेवले. माझ्याबरोबर नागपूरचा एक जुना मित्र होता. उन्हाचे आपल्याला काय कौतुक, असे तो निघताना म्हणाला खरा, पण पहाटेच्या थंडीने त्याला आधी गाठले.

प्रत्यक्ष भरावावर पाय ठेवल्यावर जे दिसले ते नकाशापेक्षा कितीतरी बोलके होते. रूळ नव्हते, पण खडीत स्लीपरचे आडवे ठसे ठराविक अंतराने दिसत होते आणि क्रिओसोटची झुडपे त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना वाढलेली होती. जेथे घळीवर लाकडी पूल असावा तेथे दोन्ही काठांवर भरावाची टोके समोरासमोर थांबली होती. खाली उतरून पलीकडे चढताना रेल्वेच्या अभियंत्याने काय वाचवले ते गुडघ्यांना कळले. कापलेल्या सोंडांच्या भिंतींवर सुरुंगाच्या छिद्रांच्या अर्धवट नळ्या शिल्लक होत्या. गंजलेले खिळे आणि डब्याची झाकणे पडलेली होती. त्यांतले काहीही उचलायचे नाही, हा नियम केवळ शिष्टाचाराचा नाही. राष्ट्रीय उद्यानातून काही नेणे गुन्हा आहेच, शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सार्वजनिक जमिनींवर 1979 च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याचे कवच आहे. वस्तू जागेवर राहिली तरच ती काही सांगते; खिशात गेलेला खिळा निव्वळ लोखंड होतो.

चालताना मार्गाचे अर्थकारण उलगडत जाते. रायन समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे, जंक्शन सुमारे दोन हजार. म्हणजे एकूण उतार भरलेल्या गाडीच्या बाजूचा आणि चढ रिकाम्या गाडीच्या वाट्याचा. जंक्शनला टोनोपा अँड टाइडवॉटर या प्रमाणमापी (1435 मिलिमीटरच्या) रेल्वेशी गाठ पडत असे आणि माप वेगळे असल्याने माल तेथे उतरवावाच लागे. भट्टीही तेथेच उभारली होती. कोलमनाइट तापवले की त्यातले पाणी निघून जाते आणि तो तडतडून भुकटी होतो. सोबतचा निरुपयोगी दगड मात्र तसाच राहतो, त्यामुळे चाळून वेगळा करता येतो. पुढच्या लांबच्या प्रवासाला पाणी आणि दगड यांचे भाडे भरावे लागत नसे. पूर्वी, 1880 च्या दशकात, हार्मनी कारखान्याचा टाकणखार वीस जनावरांच्या जुंपणीने ओढलेल्या गाड्यांतून 165 मैलांवरच्या मोजावे स्थानकापर्यंत जात असे. त्या गाड्यांची चित्रे साबणाच्या खोक्यांवर छापून जगप्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात काही वर्षेच चाललेल्या त्या व्यवस्थेपेक्षा या रेल्वेने दीर्घकाळ काम केले, पण तिचे चित्र कोणी छापले नाही.

रायनच्या वरच्या अंगाला आणखी एक रेषा दिसते. खाणींच्या तोंडांपासून माल गोळा करणारी ही दोन फुटी रेल्वे 'बेबी गेज' म्हणून ओळखली जाई. तिचे माप आपल्या माथेरानच्या गाडीइतकेच. बिडी मकार्थी, विडो, लिझी व्ही. ओकली अशी तिच्यावरच्या खाणींची नावे होती. दुर्बिणीतून रस्त्यावरून पाहताना डोंगराच्या उभ्या पोटावर ती रेघ आणि तिच्याखाली ओतलेल्या दगडांचे पंखे स्पष्ट दिसले.

आता खाणींच्या आत जाण्याबद्दल. आम्ही कोणत्याही खाणीत शिरलो नाही आणि शिरण्याचा विचारही नव्हता. उद्यानात भूमिगत भागांत प्रवेशबंदी आहे, पण बंदी नसती तरी माझे मत तेच राहिले असते. जमिनीत सरळ जाणाऱ्या बोगद्याच्या तळात खाली उतरणारी विहीर असू शकते आणि तिच्यावरच्या कुजलेल्या फळ्यांवर धूळ बसल्याने ती जमिनीसारखीच दिसते. प्राणवायू कमी झालेल्या हवेला वास नसतो. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरलेले असते आणि ते हलक्या धक्क्यानेही फुटू शकते. रिकाम्या झोपड्यांत उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरसची लागण होते, म्हणून आम्ही त्याही बाहेरूनच पाहिल्या. काही तोंडांवर आडव्या पोलादी पट्ट्यांची फाटके आहेत. माणसाला अडवायचे आणि लांब कानांच्या वटवाघळांना ये-जा करू द्यायची, अशी ती योजना आहे. आत शिरून चित्रफिती काढणाऱ्यांची आजकाल फार चलती आहे, पण त्यांत अंधार, धापा आणि कंदिलाचा झोत याखेरीज मला फारसे काही सापडले नाही. खाण कशी चालली हे तिच्या बाहेर टाकलेल्या दगडात, माल उतरवण्याच्या घसरणीत आणि रुळांच्या चढात जास्त कळते.

ज्यांना खाणीची यंत्रणा जवळून पाहायची आहे त्यांनी कीन वंडर या सोन्याच्या खाणीकडे जावे. डोंगरावरून सुमारे मैलभर खाली येणारा तिचा तारमार्ग भरलेल्या बादल्यांच्या वजनावरच रिकाम्या बादल्या वर ओढत असे. ही जागा धोकादायक म्हणून 2008 पासून बंद होती. मनोऱ्यांची डागडुजी झाल्यावर 2017 साली ती पुन्हा उघडली.

रायनच्या रेल्वेचा शेवट खनिज संपल्याने झाला नाही. नैर्ऋत्येकडे, आज जेथे बोरॉन हे गाव आहे तेथे, पाण्यात सहज विरघळणारे आणि मोठ्या रेल्वेच्या जवळचे खनिज सापडले. कंपनीने 1927 च्या सुमारास काम तिकडे हलवले, कामगारांच्या खोल्यांचे हॉटेल केले आणि पर्यटकांसाठी ब्रिल कंपनीचा पेट्रोलवर चालणारा एक रेल्वेडबा विकत घेतला. पर्यटक पुरेसे आले नाहीत. दोन्ही वाफेची इंजिने न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबादच्या पोटॅश कंपनीला विकली गेली. त्यांपैकी 1916 साली बांधलेले क्रमांक 2 चे बाल्डविन इंजिन परत येऊन आता फर्नेस क्रीकच्या बोरॅक्स संग्रहालयात उभे आहे. भराव चालून झाल्यावरच ते पाहावे, असे मी सुचवेन, कारण मग त्याची बुटकी चाके आणि आखूड बांधा वळणांशी जुळवून पाहता येतो. ब्रिलचा तो डबा उत्तरेला बिशपजवळच्या लॉज रेल्वे संग्रहालयात दुरुस्त करून ठेवला आहे. सदर्न पॅसिफिकची तीन फुटी गाडी 1960 पर्यंत त्याच लॉज स्थानकातून धावत होती, त्यामुळे तेथे स्थानक, रूळ आणि क्रमांक 9 चे इंजिन एकत्र पाहायला मिळते. या संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.